डावीकडचे काजू

डोंगरीवर बोंडू पडायला लागले, असं सांगायला आईचा फोन आला. दरवर्षी ती हे असंच सांगते, घरी पाहुणा आल्याची बातमी द्यावी तसं. मी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात राहते. माझ्या खिडकीतून एक गुलमोहर आणि समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. काजूचं झाड इथे कुणी लावत नाही. तरी फोन ठेवल्यावर मला तो वास आलाच. पिकून पडलेल्या काजूच्या बोंडाचा, गोड, आंबूस, घशाला किंचित धरणारा, उन्हाने तापलेल्या पाचोळ्यात मिसळलेला वास. लहानपणी ज्याने तो घेतलाय, त्याला तो कुठेही येऊ शकतो.

काजूचे हंगाम मी पुष्कळ पाहिले. शाळेत असताना परीक्षा आणि काजू एकदमच यायचे, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकाला चिकाचे डाग असायचे आणि बोटांची सालं निघालेली असायची. पण हंगाम म्हटला की मला त्यातला एकच आठवतो. सात वर्षं झाली त्याला. त्या हंगामात मला माझ्या कामाचा अर्थ कळला, आणि माझे बाबाही थोडे कळले.

बाबा मूळचे पेडण्याचे. तरुणपणी खाणीवर टिपर चालवायला ते सुर्ल्याला आले, मयेच्या मुलीशी लग्न केलं आणि मयेलाच राहिले. बोली मात्र त्यांनी पेडण्याचीच ठेवली. पंचवीस वर्षं त्यांनी खनिजाने भरलेला टिपर खाणीवरून जेटीवर नेला, रिकामा करून परत आणला. घरी यायचे तेव्हा पापण्यांवरसुद्धा लाल धूळ असायची. आई अंगणातच त्यांना पाणी द्यायची आणि ते पाणी तुळशीपर्यंत लाल वाहत जायचं. खाणी थांबल्या आणि टिपर थांबला. मग बाबांनी घरामागच्या डोंगरीकडे लक्ष वळवलं. ती आईच्या माहेरची, काजूची, बरीच वर्षं रान माजलेली. त्यांनी ती साफ केली, नवी झाडं लावली. गाडी म्हणावी अशी एक स्कूटर उरली होती. तिच्यावर आईला मागे बसवून ते आठवड्यातून दोनदा डिचोलीच्या बाजाराला जायचे.

मी काय काम करते हे गावात कुणाला नीट सांगता आलेलं नाही. डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला, उशीवर टेकतो त्या जागी, मेंदूचा एक भाग आहे. डोळे पाहतात असं आपण म्हणतो, पण डोळे फक्त निरोप धाडतात, पाहण्याचं काम त्या भागात होतं. माणसाला मोठ्या गोल यंत्रात झोपवून, त्याला पडद्यावर काळेपांढरे पट्टे आणि चौकटी दाखवून, त्या वेळी तो भाग कुठे कुठे जागा होतो याचं आम्ही चित्र काढतो. आडव्या पट्ट्याला एक जागा जास्त जोरात उत्तर देते, शेजारची जागा जरा तिरप्या पट्ट्याला, तिच्या शेजारची आणखी तिरप्याला. पेडण्याहून डिचोलीला येताना बोली जशी दर वाड्याला थोडी थोडी बदलत जाते, तसंच काहीसं. कुठे हद्द ओलांडली ते कळत नाही आणि शेवटी पाहावं तर शब्दच निराळे. पहिल्यांदा असं चित्र पडद्यावर उमटलेलं पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या प्रत्येकाच्या डोक्यामागे असा एक मुलूख आहे आणि आपण त्यात कधी गेलेलो नाही.

त्या वर्षी मी शिगम्याच्या सुट्टीला घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांबरोबर काजू वेचायला डोंगरीवर गेले. ऊन अजून तापलं नव्हतं. खालच्या रस्त्यावर पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा हॉर्न वाजत लांब जात होता. बाबा पुढे चालत होते, हातात टोकाला खिळा मारलेली काठी. पडलेलं बोंड त्या खिळ्याने उचलायचं, बी पिळून एका टोपलीत, बोंड दुसऱ्या टोपलीत. त्यांचा हात झरझर चालत होता. मी मागून येत होते, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते लवकर कळेना.

मग कळलं. पायवाटेच्या उजव्या बाजूची जमीन स्वच्छ होती, एक बोंड उरलेलं नव्हतं. डावीकडे सगळी तशीच पडलेली होती, लाल, पिवळी, काही अगदी पायाशी. जणू वाटेच्या मधोमध कुणी दोरी धरली होती आणि बाबांनी ती ओलांडायची नाही असं ठरवलं होतं.

वर पोचून आम्ही परत फिरलो. आता डावी बाजू उजवीकडे आली. बाबांनी तीच राहिलेली बोंडं भराभर उचलली आणि मागे वळून म्हणाले, सगळी आत्ताच पडली बघ, वारं सुटलं वाटतं. वारं सुटलं नव्हतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

रोज अनोळखी माणसांना पडद्यावर चौकटी दाखवणारी मी. मला पाहिल्याबरोबर समजलं होतं की हे काय आहे.

घरी आल्यावर मी त्यांना बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, समोर बसवलं आणि माझ्या नाकाकडे बघत राहा म्हटलं. त्यांना तो काही खेळ वाटला. मी उजवीकडून बोटं हलवत आणली, त्यांनी लगेच सांगितलं. डावीकडून आणली, ते काही बोलले नाहीत. बोटं त्यांच्या गालापर्यंत आली, डोळ्यांसमोर यायला लागली, तेव्हा कुठे म्हणाले, हां, आता. एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांचं तेच. म्हणजे डोळ्यांत काही नव्हतं. मागे होतं.

आई दारात उभी राहून पाहत होती. तिने हळूच सांगितलं की गेले काही दिवस ती चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताला ठेवते. डावीकडे ठेवला की तो तसाच गार होतो. ताटातली भाजीही उजवीकडे वाढते. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. हात आपोआप शिकला होता. मी विचारलं तेव्हा तिला आठवलं, महिन्याभरापूर्वी एका दुपारी बाबांचं डोकं खूप दुखलं होतं. ऊन लागलं असेल म्हणून त्यांनी कोकमाचं सरबत पिऊन झोप काढली होती. त्यानंतर एकदा डिचोलीच्या वळणावर स्कूटरचा डावा आरसा एका उभ्या टेम्पोला लागून फुटला होता. रस्ताच अरुंद, असं बाबा म्हणाले होते. आई तेव्हा मागे बसलेली होती.

इस्पितळात तपासणी झाली. मेंदूच्या उजव्या भागात, मागच्या बाजूला, रक्ताची एक लहान गुठळी अडकली होती. डावीकडचं जग मेंदूच्या उजव्या बाजूला उमटतं, त्यामुळे डावीकडचं गेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नीट समजावून सांगितलं आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. नजर परत येईल का, असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं. पहिल्या काही महिन्यांत कधी कधी थोडी येते, खात्री देता येत नाही, असं ते म्हणाले.

बाबांनी यातलं काहीच मानलं नाही. त्यांचा दोष नव्हता. असं झालेल्या माणसाला डावीकडे काळोख दिसत नाही. आपल्या पाठीमागे आपल्याला काय दिसतं? काळं दिसतं का? काहीच दिसत नाही आणि आपल्याला त्याची उणीवही वाटत नाही. बाबांची डावी बाजू तशी झाली होती. त्यांच्या लेखी जग पुरतं होतं.

"पंचवीस वर्सां टिपर चालवलो," ते मला म्हणाले. "माणूस सोड, एक कोंबी पण मारूक नाय. आणि तू माका सांगतंस, माका दिसणा नाय?"

आईने स्कूटरची चावी तांदळाच्या डब्यात लपवली. त्यांनी ती शोधून काढली आणि डिचोलीला जाऊन आले. परत आले तेव्हा डावं कोपर खरचटलेलं होतं. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. मी ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ज्या माणसाने मला सायकल शिकवली, घाटात गाडी कशी उतरवायची ते गोष्टीसारखं सांगितलं, त्याला तू आता रस्त्यावर जायचं नाहीस हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सुट्टी संपवून मी परत गेले आणि माझ्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांच्या हाताखाली मी काम शिकले. त्या तेव्हा नेमका असाच अभ्यास करत होत्या. मेंदूला अशी इजा झालेल्या माणसांत पाहण्याच्या भागाचा नकाशा किती उरतो, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी बाबांना बोलवायला हरकत नाही म्हटलं, पण मला समोर बसवून एक गोष्ट बजावली. हा उपचार नाही. यातून त्यांना काही मिळणार नाही. हे त्यांना स्वच्छ सांगायचं आणि मगच विचारायचं.

मी फोनवर तसंच सांगितलं.

"फायदो काय नाय म्हणतंस," बाबा म्हणाले. "म्हणजे खरां सांगतंस. येतंय मी."

एप्रिलच्या मध्याला आई त्यांना घेऊन आली. डोंगरीवरचे काजू वेचायला शेजारणीला सांगून आले होते. येताना पिशवीत भाजलेल्या बिया आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या अख्ख्या खोलीला पुरतील एवढे पाव. खोलीतल्या मुलांनी ते पाव दोन दिवस पुरवून खाल्ले.

यंत्रात झोपवण्याआधी मी बाबांच्या डोक्यावर आरसा बसवला. पायांकडच्या पडद्यावरचं चित्र आडवं पडलेल्या माणसाला त्या आरशातून दिसतं. मी त्यांना सांगितलं की मधे एक बारीक ठिपका असेल, काही झालं तरी नजर त्याच्यावरून हलवायची नाही. ठिपक्याचा रंग बदलला की हातातलं बटण दाबायचं. बाकी चौकटी फिरतील त्यांच्याकडे बघायचं नाही. आवाज मोठा येईल, घाबरायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर ते हसले. खाणीवर काम केलेल्या माणसाला मी आवाजाचं सांगत होते.

काचेपलीकडे मी आणि मॅडम बसलो. आई बाहेर बाकावर होती. पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटींची एक पाचर, पोळीच्या तुकड्याएवढी, घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश फिरायला लागली. ती फिरते तसा मेंदूत जागा होणारा भागही सरकत जातो, शिवारात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जावं तसा. काटा कुठे असताना कुठला वाफा भिजला हे टिपत गेलं की नकाशा तयार होतो. हे मी शेकडो वेळा केलेलं होतं. तरी त्या दिवशी मी प्रत्येक आकडा दोनदा तपासला.

काटा उजवीकडे होता तेव्हा मेंदूची डावी बाजू ठरल्याप्रमाणे बोलत गेली. काटा खाली गेला, डावीकडे वळला, आणि पलीकडे काही झालं नाही. तो डावं अर्धं वर्तुळ फिरून वर आला तोवर उजवा मेंदू गप्प होता. फक्त अगदी मधोमध, ठिपक्याच्या आसपास, आणि खालच्या टोकाला एक अरुंद पट्टी जागी होत होती. बाबा बटण बरोबर दाबत होते. एकदाही चुकले नाहीत. आपल्या अर्ध्या जगात काही उमटत नाही हे त्यांना त्या क्षणीही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नकाशा दाखवला. मेंदूच्या घड्या उलगडून सपाट केलेलं चित्र, कुठली जागा कुठल्या दिशेला उत्तर देते ते रंगांनी दाखवलेलं. डावी बाजू भरलेली, निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग एकमेकांत मिसळत गेलेले. उजवी बाजू राखाडी, मधे रंगाचा लहानसा चट्टा आणि ती एक पट्टी. नकाशा उलटा असतो हे मी त्यांना सांगितलं. डावीकडचं उजवीकडे, वरचं खाली. पंचवीस वर्षं वाटा ओळखून तयार झालेले ते डोळे होते. त्यांनी बोट ठेवून एकेक जागा विचारली. मग म्हणाले, दुसऱ्या कुणाचा असला तर दाखव.

माझाच होता. आमच्याकडे नवं काही करून बघायचं असलं की आम्ही एकमेकांना यंत्रात झोपवतो. मी माझा नकाशा त्यांच्या शेजारी ठेवला. ते त्याच्याकडे फार वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आपल्याकडे काय नाही ते ते मोजताहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"तुझो सगळो आसा," ते म्हणाले. "बरां झालां."

आपलं अर्धं गेलेलं त्यांनी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या मनात आधी आलं ते हे.

नंतर त्यांनी स्वतःच्या नकाशातल्या त्या राखाडी जागेवर तळहात ठेवला. डिचोलीच्या वळणावर टेम्पो कुठल्या अंगाला उभा होता ते त्यांना आठवत असावं. आई शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "हिका पाठी बसवन मी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. घरी गेल्यावर त्यांनी स्वतः चावी तिच्या हातात दिली. स्कूटर आता माझ्या मामेबहिणीकडे आहे.

यंत्राने काही मिळणार नाही असं मी सांगितलं होतं. मॅडमनी मात्र निघण्याआधी बाबांना अर्धा तास दिला आणि असल्या माणसांना शिकवतात ती एक साधी गोष्ट शिकवली. नजर आपण होऊन डावीकडे जाणार नाही, कारण तिकडे काही आहे असं मेंदूला वाटतच नाही. तेव्हा ती मुद्दाम न्यायची. मान नव्हे, आधी डोळे. थोडी थोडी नाही, एकदम लांब उडी, वाटतं त्याच्याही पलीकडे, आणि तिथून हळूहळू आत यायचं. खोलीत शिरताना, दार ओलांडताना, ताटावर बसताना, हजार वेळा.

बाबांनी ते आपल्या भाषेत बसवून घेतलं. टिपरमध्ये ड्रायव्हर उजव्या अंगाला बसतो. डावी बाजू क्लीनरची. ओहळाचा काठ, पायी चाललेली बाई, वळणावरचा खांब, हे सगळं क्लीनर सांगतो आणि ड्रायव्हर त्याच्यावर विश्वास टाकून गाडी काढतो. "माझो क्लीनर उतरान गेलो," ते आईला म्हणाले, "आता माकाच दोनय कामां करूक व्हयी."

मे महिन्यात मी पंधरा दिवसांची रजा काढून घरी गेले. हंगाम उतरणीला लागला होता. डोंगरीवर उन्हाने दगड भाजत होते, कोळंबीच्या दगडी कुंडीत मळलेल्या बोंडांचा रस ठिबकत होता, आणि शेजारच्या घरून सकाळी आलेला निरो, म्हणजे तोच ताजा रस, संध्याकाळपर्यंत टिकत नव्हता. रोज सकाळी आम्ही तिघं वर जायचो. बाबा पुढे, डावीकडे नजर टाकत, आत आणत, काठी टेकवत. आम्ही दोघी मागून, त्यांच्याकडून काय सुटलं ते मोजत. पहिल्या दिवशी चोवीस बोंडं सुटली. ते चिडले. पाचोळ्यावर काठी आपटून घरी आले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. चौथ्या दिवशी पुन्हा बावीस, कारण रात्री झोप झाली नव्हती. मग सतरा, अकरा, नऊ. दहाव्या दिवशी तीन. तिसरं बोंड मी दाखवलं तेव्हा ते म्हणाले की ते किडकं आहे, म्हणून सोडलं. ते खरोखर किडकं होतं.

सगळ्यांत अवघड आईला गेलं. तिला आता चहा डावीकडे ठेवायचा होता, त्यांनी शोधावा म्हणून. इतके महिने ज्या हाताने माया केली त्याच हाताने आता कप लांब ठेवायचा. पहिल्या दिवशी तिने डावीकडे ठेवला आणि चुलीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली. बाबांची नजर मेजावर उजवीकडे फिरली, थांबली, मग मोठी उडी मारून डावीकडे गेली. कप उचलल्याचा आवाज ऐकल्यावर ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती धुराला दोष देत होती. त्या दिवशी गॅस पेटवला होता.

पुढच्या वर्षी आम्ही बाबांना पुन्हा यंत्रात घातलं. नकाशा काढल्यावर मला त्या राखाडी भागाच्या कडेला रंगाची एक नवी बारीक रेघ दिसली. मी खुर्ची ओढून पडद्याला चिकटले. पण आपल्याला जे हवं असतं ते दिसायला लागतं, हे माझ्या धंद्यातलं पहिलं भय आहे. मी माझं गणित बाजूला ठेवलं आणि दोन्ही वर्षांचे आकडे, कुठलं कुठल्या वर्षाचं ते न सांगता, एका सहकाऱ्याला दिले. त्याने आठवड्याने सांगितलं की दोन्हींत फरक नाही. रेघ वगैरे काही नव्हतं.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाय, तुमच्या यंत्रात डोळे हलवूक देणत नाय," ते म्हणाले. "ठिपक्याक बघून गप ऱ्हवूचा. आणि माझां सगळां काम आता डोळे हलवनच चलता. ता यंत्रात खंयसून दिसतला?"

आमच्या अभ्यासात नजर स्थिर ठेवायला लावतात त्याला कारण आहे, आणि ते कारण योग्यच आहे. पण तो नकाशा स्थिर नजरेचा होता, चालत्या माणसाचा नव्हता. हे वाक्य मी नंतर माझ्या प्रबंधात जरा जड शब्दांत लिहिलं. आज माझं काम त्याच वाटेने चाललंय. नजर फिरत असताना मेंदू जगाचे तुकडे कसे जोडतो, ते आम्ही बघतो. आमच्या खोलीत आता येणाऱ्या माणसाला आधी विचारतात की तुम्ही रोज सकाळी काय करता.

हे सगळं नंतरचं. त्या हंगामाचा शेवट सांगायचा राहिला.

मेच्या अखेरीस बाबांनी जाहीर केलं की ते पेडण्याला आपल्या बहिणीकडे जाणार, बसने, एकटे. आत्याला आम्ही सगळे आक्का म्हणतो. शिगम्याला त्यांचं पेडण्याला जाणं कधी चुकलं नव्हतं, ते त्या वर्षी चुकलं होतं आणि का, हे तिला कुणी कळवलं नव्हतं. आई बरोबर येते म्हणाली. ते नको म्हणाले. शेवटी मला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. मी मागच्या सीटवर बसायचं, मागून चालायचं आणि तोंड उघडायचं नाही.

म्हापशाला बस बदलायची होती. त्या स्टँडवर बस कुठून मागे येईल आणि माणूस कुठून आडवा येईल याचा नेम नसतो. बाबा उतरले, पिशवी उजव्या हातात घेतली आणि बाजूला उभे राहिले. मी त्यांच्या मागे चार पावलांवर होते. त्यांची पाठ मला दिसत होती, आणि डोक्याची मागची बाजू, पांढऱ्या केसांची, जिच्या आतलं मी पाहिलेलं होतं. ते डावीकडे बघत, आत येत, पुन्हा डावीकडे बघत पुढे सरकले. पेडण्याच्या बसपाशी पोचायला एक रस्ता ओलांडायचा होता. त्यांनी पाऊल उचललं आणि त्याच वेळी डावीकडून एक मोटारसायकल दोन बसच्या मधून सुसाट आली. माझं तोंड उघडलं. पण बाबांनी उचललेलं पाऊल तसंच मागे घेतलं होतं. मोटारसायकल गेली. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, टिपर चालवताना चुकार गाड्यांकडे पाहून हलवायचे तशी, आणि रस्ता ओलांडला. मी धावत जाऊन बस गाठली.

पेडण्याला आक्काच्या घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. तिच्या बाल्कांवात दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे आहेत. ती डाव्या हाताच्या सोप्यावर, खांबाच्या आड, सुपातले तांदूळ निवडत बसली होती. मला ती लगेच दिसली, पण बाबा सरळ दाराकडे चालले होते. पायरीवर त्यांचा पाय थांबला. डोळे डावीकडे गेले, पार भिंतीपर्यंत, आणि तिथून परत येताना तिच्यावर टेकले. ते तिच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांनी आलेल्या भावाने काहीतरी बोलावं म्हणून तीही सूप मांडीवर धरून वाट बघत होती.

"आक्का," बाबा म्हणाले, "चष्मो नवो घेतलंस?"

आक्काने सूप खाली ठेवलं. चष्म्याच्या काडीला हात लावून पाहिला.

"पंधरा दीस झाले," ती म्हणाली. "घरात एकाच्याय लक्षात येवक नाय. तुकाच पयलो दिसलो."

मी पायरीखाली उभी होते. मलाही तो दिसला नव्हता.